दोन पाळ्यांमधला पॅकमॅन

व्हिडिओ गेमच्या मशीनच्या पोटात, बोर्डाच्या एका कडेला नखाएवढ्या खटक्यांची रांग असते. त्यांना डिप स्विच म्हणतात. खेळणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत. पॅकमॅनच्या बोर्डावर त्यातले दोन खटके वर-खाली केले की एका नाण्यात किती चान्स मिळणार ते ठरतं: एक, दोन, तीन किंवा पाच. आणखी दोन खटके जादा चान्स कधी द्यायचा ते ठरवतात: दहा हजार गुणांवर, पंधरा हजारांवर, वीस हजारांवर, की कधीच नाही. डाँकी काँगमध्ये तीनपासून सहापर्यंत चान्स देता येतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायचे, मशीनचं मागचं दार उघडायचे आणि टेस्टरच्या टोकानं हे खटके सरकवायचे. टॉर्च धरायचं काम माझं.

आमचं दुकान इचलकरंजीत, मलाबादे चौकापासून आत गेलेल्या एका बोळात होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आप्पांनी ते सुरू केलं आणि दहाएक वर्षं चालवलं. या धंद्याबद्दल आता लिहावंसं वाटलं ते घरातल्या एका वादामुळे. माझा धाकटा भाऊ सायझिंगमध्ये सुपरवायझर आहे. रात्री जेवणं उरकली की तो मुलाबरोबर मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळतो आणि पहिल्या काही मिनिटांतच बाद होतो. मुलगा हसला की त्याचं उत्तर ठरलेलं. "आक्का, तूच सांग. घराचा हप्ता, पोराची फी, आईची औषधं. त्यात आता गेमबी चांगला खेळायचा व्हय?" घरातले सगळे मान डोलावतात. मला ते अर्धंच पटतं. माझ्या भावापेक्षा मोठा प्रपंच डोक्यावर असलेली माणसं अप्रतिम खेळताना मी लहानपणी रोज बघितली आहेत.

मुळात हे खेळ पोरांसाठी निघालेच नव्हते. १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाचा एक बार होता. अटारी कंपनीनं पाँगचं पहिलं मशीन तिथे ठेवलं. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याचा निरोप आला. ते बनवणारा ॲल ॲलकॉर्न बघायला गेला, तर आतला नाण्यांचा डबा तुडुंब भरला होता, म्हणून मशीन अडलं होतं. ती नाणी टाकणारी माणसं कामावरून सुटून घोटभर प्यायला आलेली होती. १९७८ मध्ये जपानच्या टाइटो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला स्पेस इन्व्हेडर्स आला. तिकडच्या कॉफीच्या दुकानांतली टेबलंच मशीन झाली. काचेखाली पडदा आणि काचेवर कॉफीचा कप. ऑफिसातून सुटलेली माणसं तिथे वाकून बसायची. त्या खेळात शत्रू कमी होतील तसे उरलेले अधिकाधिक वेगानं उतरतात, हे सगळ्यांना आठवत असेल. आधी ते कुणी ठरवलेलं नव्हतं. प्रोसेसरची ताकदच बेताची होती. पडद्यावर काढायच्या आकृत्या कमी झाल्या की उरलेल्यांचा वेग आपोआप वाढायचा. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं.

या धंद्याचं गणित सोपं होतं. नवा माणूस दोन-तीन मिनिटांत हरला पाहिजे आणि तरी त्याला पुन्हा नाणं टाकावंसं वाटलं पाहिजे. हरणाऱ्याच्या रुपयावरच दुकान चालायचं. त्यामुळे आमच्या दुकानात वाईट खेळणाऱ्याला कुणी कारण विचारत नव्हतं आणि तोही देत नव्हता. तीन चान्स गेले, रुपया संपला, तो बाजूला झाला आणि पुढचा उभा राहिला. एकदा आप्पांनी धंदा वाढवायच्या विचारानं पॅकमॅनचा जादा चान्सचा खटका 'कधीच नाही'वर नेऊन ठेवला. आठवड्याभरात त्या मशीनपुढची गर्दी ओसरली. लोकांना खटका दिसत नव्हता, पण काहीतरी हिरावून घेतलंय हे हाताला कळलं होतं. आप्पांनी तो पुन्हा दहा हजारांवर आणला आणि त्यानंतर कधी हात लावला नाही.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि पुढे सगळं गाव त्या खडखडाटावर उभं राहिलं. आमच्या गिऱ्हाइकांत शाळेची पोरं होती, पण दुकानाचं भाडं निघायचं ते माग चालवणाऱ्यांच्या पैशातून. बारा तासांची पाळी आणि मजुरी कापडाच्या मीटरवर. एकेका माणसाकडे चार-चार माग. कुठे तार तुटली, कुठे कांडी संपत आली, कुठे धोटा अडखळला याकडे बारा तास नजर भिरभिरत ठेवायची. पाळी सुटली की अंगावर कापसाचे तंतू तसेच घेऊन हे लोक यायचे. कान मागाच्या आवाजानं बधिर झालेले असायचे, म्हणून एकमेकांशी ओरडूनच बोलायचे. मशीनचा आवाज आप्पा त्या वेळेपुरता मोठा करायचे.

त्यांच्यात एक मामा होते. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. सीमेपलीकडच्या एका खेड्यात त्यांची बायको, तीन मुलं आणि म्हातारी आई होती. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर जायची. तिचा फॉर्म आमच्या काउंटरवर मी भरून द्यायचे. मामा पाळी संपल्यावर आणि खाणावळीचं ताट लागायच्या आधी यायचे. मधे अर्धा-पाऊण तास मिळायचा. तेवढ्यात ते एकच रुपया टाकायचे, तोही फक्त पॅकमॅनच्या मशीनमध्ये, आणि खाणावळीची वेळ होईपर्यंत तो एक रुपया पुरवायचे.

ते कसं जमायचं हे मला मोठेपणी उमगलं. पॅकमॅन १९८० साली नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी बनवला. त्यातली चार भुतं मनाला येईल तशी धावतात असं वाटतं, पण प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला आहे. लाल भूत थेट तुमच्या मागे लागतं. गुलाबी भूत तुम्ही तोंड केलंय त्या दिशेनं चार घरं पुढची जागा धरायला बघतं. निळं भूत लाल भूत कुठे आहे त्यावरून आपली वाट ठरवतं. नारिंगी भूत जवळ येतं आणि आठ घरांच्या आत आलं की कोपऱ्याकडे पळतं. काही सेकंद चौघंही आपापल्या कोपऱ्यात जातात, मग पुन्हा पाठलाग सुरू होतो. यात नशिबाचा भाग नाही. तुम्ही अगदी त्याच वळणावर त्याच क्षणी वळलात, तर भुतंही अगदी तशीच फिरतात, आज, उद्या आणि वर्षभरानंतरही. म्हणजे एक वाट पाठ झाली की ती स्टेज कायमची तुमची. एकविसाव्या स्टेजनंतर तर पुढच्या सगळ्या स्टेजचा वेगही सारखाच राहतो. २५६व्या स्टेजला मशीनमधला आकडा मावेनासा होतो, उजव्या अर्ध्या पडद्यावर अक्षरांचा कचरा सांडतो आणि खेळ तिथेच थांबतो. त्या टोकापर्यंत एकही चूक न करता पोहोचलेल्याला जास्तीत जास्त ३३,३३,३६० गुण मिळतात.

मामा एवढ्या पुढे कधी गेले नाहीत, पण वाट पाठ करायची त्यांची पद्धत अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. रोज ते त्याच वाटेनं निघायचे. जिथे काल मेले, त्या वळणाशी आज एक पर्याय करून बघायचे. एकाच वेळी दोन गोष्टी कधी बदलायच्या नाहीत. मनगट हलायचं, कोपर मशीनच्या कडेला टेकलेलं असायचं. मेले तर कपाळाला हात लावायचे नाहीत. नुसतं "हां, इथं" म्हणायचे आणि ते ठिकाण डोक्यात घेऊन खाणावळीत जायचे. मला वाटतं, दुसऱ्या दिवशी बारा तास माग चालवताना ते वळण त्यांच्या मनात घोळत असणार. आप्पांना एका रुपयात मशीन एवढा वेळ अडकलेलं परवडायचं नाही, तरी ते मामांना कधी उठवत नव्हते. मामांच्या मागे सात-आठ जण उभे राहून बघायचे आणि मामा गेले की त्यातला प्रत्येकजण आपला रुपया टाकायचा.

तिकडे अमेरिकेत केन उस्टन नावाच्या गृहस्थानं याच वाटांवर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. उस्टन आधी पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमध्ये बड्या हुद्द्यावर होता, पुढे पत्ते मोजून ब्लॅकजॅक जिंकणारा म्हणून गाजला. पॅकमॅनचं पुस्तक आलं तेव्हा त्याची पंचेचाळिशी उलटलेली होती. भुतांचा ठरलेला स्वभाव ओळखणं हे कोवळ्या हातांपेक्षा मुरलेल्या डोक्याचं काम आहे, हे त्यानं आणि आमच्या मामांनी एकमेकांना न ओळखता दाखवून दिलं होतं.

आता आईबद्दल लिहायला हवं. दुकान आमचं, मशीन आमची, तिला रुपयाही लागला नसता. तरी आईनं कधी हँडल धरलं नाही. पॅकमॅन बनवताना इवातानींच्या मनात स्त्रिया होत्या. त्या काळच्या गेमांमध्ये सगळी मारामारी असायची आणि दुकानं पुरुषांनी भरलेली असायची. बायकांना आत यावंसं वाटेल असा खेळ त्यांना करायचा होता. तो खेळ आमच्या घराच्या जिन्याखालच्या दुकानात उभा होता आणि आई त्याच्यावरून दिवसातून कितीतरी वेळा जात होती: आप्पांचा चहा घेऊन, पाण्याची कळशी घेऊन, आजीचं पथ्याचं जेवण घेऊन. मामांच्या अर्ध्या तासाला सुरुवात होती आणि शेवट होता. आईच्या दिवसात असा तुकडाच नव्हता. म्हणून जबाबदारी ही सबब आहे का, असं कुणी सरसकट विचारलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुणाची जबाबदारी? पाळीची जबाबदारी भोंगा वाजला की संपते. स्वयंपाकघराला भोंगा नसतो. आईनं पॅकमॅनमध्ये एकही गुण मिळवला नाही. तिच्या बाबतीत मला ही सबब पूर्ण मान्य आहे, आणि ती तिनं कधी सांगितली नाही याचं आजही वाईट वाटतं.

नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडायचे गेम आले. जपानी निन्टेन्डोच्या नकला त्या. कॅसेटवर ९९९९ गेम छापलेले आणि आत पुन्हा पुन्हा तेच ते. कॉन्ट्रा, मारिओ. दुकानात तोवर मुस्तफा आला होता. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३चा, कॅपकॉमचा. पण त्यातल्या एका पात्राच्या नावावरून सगळा महाराष्ट्र त्याला मुस्तफाच म्हणायचा. मुस्तफात चान्स संपले की नाणं टाकून तिथूनच पुढे जाता यायचं. म्हणजे खिशात रुपये असले की शेवटच्या बॉसपर्यंत कुणीही पोहोचायचा. मामांना तो खेळ आवडला नाही. पण खरा बदल घरच्या टीव्हीनं केला. घरच्या गेमला नाणं लागत नाही, लागते ती मोकळी दुपार. दुपारी घरी पोरं असतात, मोठी माणसं कामावर. पाच-सात वर्षांत गेम हा पोरांचा झाला आणि मोठ्यांच्या तोंडी "आता आपलं वय राहिलं नाही" हे वाक्य आलं. त्याआधी आमच्या दुकानात ते मी ऐकलेलं नव्हतं.

त्याच घरच्या गेमांच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रेडियस हा दुकानातला गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासायला तो शेवटपर्यंत खेळावा लागे आणि तो त्यांना स्वतःलाच झेपत नव्हता. म्हणून त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम घातला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए. तो दाबला की सगळी शस्त्रं मिळायची. काम संपल्यावर तो क्रम आत तसाच राहिला. पुढे कॉन्ट्रामध्ये त्याच क्रमानं ३० चान्स मिळू लागले. आपला गेम आपल्यालाच जमत नाही हे त्या माणसानं सरळ मान्य केलं आणि काम पुढे नेलं. २०२० साली ते वारले तेव्हा जगभरच्या लोकांनी त्यांच्या आठवणीत तो क्रम लिहिला.

प्रपंच सांभाळून माणूस किती पुढे जाऊ शकतो, याची नोंद असलेलं उदाहरण डाँकी काँगचं आहे. शिगेरू मियामोतो यांचा हा १९८१चा खेळ. त्याला २२व्या पातळीवर शेवट आहे, आणि तोही एका चुकीनं. वेळ किती द्यायची हे मशीन पातळीच्या आकड्याला दहानं गुणून, त्यात चाळीस मिळवून काढतं. बावीस गुणिले दहा अधिक चाळीस म्हणजे २६०. पण त्या छोट्या मेंदूत २५५च्या पुढचा आकडा बसत नाही. तो पुन्हा शून्यापासून मोजतो आणि उत्तर चार येतं. त्या चारवर जेमतेम काही सेकंद मिळतात आणि मारिओ मरतो. म्हणजे सगळ्यांना मैदान सारखंच, २१ पातळ्यांचं. त्यातून कोण किती गुण पिळून काढतो एवढाच प्रश्न.

स्टीव्ह वीबी हा अमेरिकेतल्या रेडमंडचा इंजिनिअर. बोइंगमधली नोकरी गेल्यावर त्यानं घराच्या गॅरेजमध्ये डाँकी काँगचं मशीन लावलं, पुढे तो शाळेत विज्ञान शिकवू लागला. घरी बायको आणि लहान मुलं. 'द किंग ऑफ काँग' या २००७च्या माहितीपटात त्याच्या विक्रमाच्या वेळचं चित्रण आहे. पडद्यावर गुण चढत आहेत आणि आतून त्याचा लहान मुलगा शी झाली म्हणून धुवायला बाबाला हाका मारतोय. हाका थांबत नाहीत आणि बाप हँडल सोडत नाही. तो प्रसंग बघताना मला बापाचं कौतुक वाटलं नाही. मुलाकडे जायला हवं होतं. पण एक गोष्ट त्यातून उघड झाली की ज्याच्या घरातून अशा हाका येतात तो माणूसही त्या खेळात दहा लाखांच्या पुढे जाऊ शकतो. तोच माहितीपट बघून न्यूयॉर्कमधले हँक चीन डाँकी काँगकडे वळले. ते प्लास्टिक सर्जन. २०१० साली त्यांनी १०,६१,७०० गुणांचा विक्रम केला आणि पुढे तो स्वतःच मोडला. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला जबाबदारी कमी होती असं कोण म्हणेल?

या सगळ्यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती. १९८१चा डाँकी काँग २०१०लाही तसाच होता. डॉक्टरांना एखाद्या आठवड्यात सवड मिळाली नाही तरी त्यातली पिंपं त्याच नियमानं घरंगळत होती. शिकलेलं वाया जात नव्हतं. मामांचंही तसंच. गावी जत्रेला जाऊन आठवड्यानं परत आले तरी भुतं जिथे सोडली तिथेच.

उलट बाजूही मांडायला हवी. आयोवातल्या ऑटम्वा गावी ट्विन गॅलेक्सीज नावाच्या दुकानात १९८४च्या जानेवारीत टिम मॅकव्हे या १६ वर्षांच्या मुलानं निबलर या सापाच्या खेळात एका नाण्यावर शंभर कोटींचा पल्ला गाठला. १,००,००,४२,२७० गुण, ४४ तासांहून अधिक वेळ. जादा चान्स साठवायचे, ते मरत असतील तेवढ्यात लघवीला जाऊन यायचं. तो पुन्हा या विक्रमाच्या मागे लागला तोवर त्याला नोकरी होती, बायको होती, शरीर जड झालेलं होतं. अनेकदा अर्ध्यावर सोडावं लागलं. चाळिशी ओलांडल्यावर, २०११च्या डिसेंबरमध्ये, त्यानं १,०४,१७,६७,०६० गुण केले. ही चिकाटी मोठी आहे. पण दीड-दोन दिवस सलग जागं राहून खेळायचं तर तेवढा वेळ घर दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावं लागतं. मामांच्या अर्ध्या तासाशी त्याची तुलना करता येत नाही.

वयाचं म्हणाल तर तेही मोजून झालेलं आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टारक्राफ्ट २ खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. नवं काही दिसल्यावर हात हलायला लागणारा वेळ २४व्या वर्षापासूनच वाढू लागतो. पण त्याच अभ्यासात असंही आढळलं की वयानं मोठे खेळाडू सोप्या, कमी धावपळीच्या पद्धती वापरून ही तूट भरून काढतात. मामा कोपर टेकून खेळायचे ते बहुधा याच कारणानं.

आमचं दुकान नव्वदच्या दशकाच्या शेवटाला बंद झालं. परवाना आणि करमणूक कराचा खर्च होताच, त्यात सायबर कॅफे आले. मशीन भंगारात गेली. मी एका बँकेत लागले. बँकेत नुकतेच संगणक आले होते आणि त्यांत विंडोजबरोबर पत्त्यांचे खेळ फुकट यायचे. सॉलिटेअर हा खेळ वेस चेरी या मायक्रोसॉफ्टमधल्या उमेदवारी करणाऱ्या मुलानं लिहिला आणि तो १९९०च्या विंडोज ३.०मध्ये आला. त्यात साहेब आला की पडदा झाकणारं बटणही त्यानं ठेवलं होतं. कंपनीनं ते काढायला लावलं. मला स्वतःला त्याहून फ्रीसेल फार मोलाचा वाटतो. त्यात ३२,००० डाव आहेत आणि प्रत्येकाला नंबर आहे. १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या हौशी लोकांनी ते आपसांत वाटून घेऊन सोडवले, तेव्हा एकच उरला: ११,९८२. बाकी सगळे सुटतात. म्हणजे अडलं तर चूक पत्त्यांची नाही, वाट अजून सापडायची आहे.

आमचे हेडकॅशिअर जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून उरलेल्या वेळात एकच डाव लावायचे. जुन्या डायरीत निळ्या शाईनं नंबर, आणि सुटला की पुढे बरोबरची खूण. न सुटलेला डाव दुसऱ्या दिवशी त्याच नंबरानं पुन्हा. दोन मुलींची लग्नं, वडिलांचं आजारपण, ऐन मार्चमधली वर्षअखेर, सगळं त्या डायरीच्या पानांमधून गेलं. खूण नसलेले नंबर फार थोडे होते. कुणी त्यांना गेम खेळणारा म्हणणार नाही. मी म्हणते. आमच्या गावात मी बघितलेल्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूंपैकी ते एक.

आता भावाच्या खेळाकडे येते. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला, २०२० साली सप्टेंबरात भारतात त्यावर बंदी आली आणि २०२१च्या जुलैत तो बीजीएमआय होऊन परतला. त्यात साधारण दोन महिन्यांचा हंगाम असतो. हंगाम संपला की कमावलेली पायरी खाली उतरते. बंदुकीची ताकद अपडेटमध्ये बदलते, नकाशे बदलतात, रोजची कामं रोज पूर्ण केली नाहीत तर बक्षीस हुकतं. भावाला आठवड्यातून दोन रात्री मिळतात. तेवढ्यात तो जे शिकतो ते पुढच्या हंगामात जुनं होतं. शिवाय समोर जिवंत माणसं, त्यातली बरीचशी कॉलेजची, रोज कित्येक तास खेळणारी. इथे त्याची सबब शंभर टक्के खरी आहे. हा खेळ बनवणाऱ्यांनी त्याची किंमत रोजच्या हजेरीत ठरवली आहे आणि संसारी माणसाकडे तेच चलन नसतं. कँडी क्रशचंही तेच. पाच चान्स, प्रत्येक नवा चान्स अर्ध्या तासानं, थांबायचं नसेल तर पैसे भरा. आमच्या बँकेतल्या बायका तो अर्धा तास लक्षात ठेवून असतात.

या काळात चांगलंही घडलंय. २०१८च्या सेलेस्ट या उड्या मारायच्या अवघड खेळात खेळणारा स्वतः वेग निम्म्यापर्यंत उतरवू शकतो. पुढच्याच वर्षी सेकिरो हा जपानी खेळ आला, त्यात काठिण्य कमी करायची सोयच नाही, आणि जगभर भांडणं झाली. ज्यांना वेळ नाही त्यांनी काय करायचं, असा एका बाजूचा सवाल; सोपा केला तर त्यात उरलं काय, असा दुसऱ्या बाजूचा. मला सेकिरोवाल्यांचं म्हणणं मान्य आहे. त्यातला शत्रू रोज त्याच पद्धतीनं तलवार उचलतो. दिवसाला अर्धा तास देणारा माणूस वर्षभरानं का होईना, त्याला हरवेल. जो खेळ थांबून राहतो तो कितीही अवघड असला तरी संसारी माणसावर अन्याय करत नाही.

म्हणून भावाला मी एवढंच सांगितलं की बीजीएमआयमध्ये हरलास तर हप्त्याचं आणि फीचं कारण खुशाल सांग, मी तुझ्या बाजूनं बोलेन. पण तुझ्याच मोबाइलवर पॅकमॅन आहे. तो जमत नसेल तर हप्त्याचं नाव घेऊ नकोस.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. निवृत्त झालो की निवांत खेळू, म्हणून लोक गेम विकत घेऊन ठेवतात. २०१४ साली आलेला द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम एकट्यानं खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम कायमचा गेला. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. विकलेला गेम पुढेही खेळता येईल अशा स्थितीत सोडा, ही तिची मागणी. २०२५च्या जुलैत युरोपात या मागणीवरच्या सह्या दहा लाखांपलीकडे गेल्या. मला त्या युरोपीय अर्जावर सही करता येत नव्हती, पण ही मागणी रास्त आहे असं मी भेटेल त्याला सांगते. ज्यांच्या वाट्याला वेळ उशिरा येतो त्यांच्यासाठी गेम टिकून राहायला हवेत.

हेडकॅशिअरसाहेब आता निवृत्त आहेत. नव्या विंडोजमधला फ्रीसेल त्यांना जाहिरातींमुळे आवडेना, तेव्हा मी त्यांच्या नातवाकरवी दुसरा एक फुकटचा फ्रीसेल बसवून दिला. त्यात जुने ३२,००० नंबर जसेच्या तसे लागतात. रोज एक म्हटलं तरी सगळे संपायला ८७ वर्षं लागतील, म्हणून ते आता ओळीनं जात नाहीत. डायरीतले खूण नसलेले आधी काढतात.